टपाल आपले, कपाट कुणाचे?

शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट असते. त्यात जनरल रजिस्टर, आवक-जावक नोंदवह्या, शिक्षकांची सेवापुस्तके आणि जुन्या निकालपत्रकांचे गठ्ठे असतात. किल्ली मुख्याध्यापकांकडे किंवा मुख्य लिपिकाकडे असते. समजा, एक दिवस कुणी येऊन म्हणाले, "हे कपाट तुम्ही कशाला सांभाळता? वाळवी लागेल, पावसात भिजेल. आमच्याकडे भले मोठे कोठार आहे. कागद तिथे ठेवा, हवा तो कागद क्षणात दाखवू. दरमहा माणशी थोडे भाडे द्या, म्हणजे झाले." अशा वेळी आपण काय विचारू? कोठार कुठे आहे? किल्ली कुणाकडे राहील? आणि उद्या आमचे कागद परत हवे असले तर?

गेल्या वीस वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांनी, कारखान्यांनी आणि शाळांनीही नेमका हाच व्यवहार केला आहे. ई-मेल, पत्रलेखन आणि हिशेबाचे तक्ते यांसाठीची सॉफ्टवेअर पूर्वी संस्थेच्या स्वतःच्या संगणकांवर चालत. आता ती दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांवर चालतात आणि आपण इंटरनेटवरून ती वापरतो. अभियंते जाळ्याची आकृती काढताना ज्या भागाचा तपशील दाखवायचा नसे, तिथे ढग काढून मोकळे होत. त्यावरून या व्यवस्थेला 'क्लाउड' हे नाव पडले. प्रत्यक्षात त्या ढगाआड हजारो संगणकांनी भरलेल्या, पंखे घोंघावणाऱ्या इमारती असतात.

ही कल्पना नवी वाटते खरी, पण तिचे मूळ साठ वर्षांहून जुने आहे. तो इतिहास पाहिला, की वरचे तीन प्रश्न का महत्त्वाचे आहेत ते नीट कळते.

एकशिक्षकी शाळेसारखा संगणक

१९६०च्या सुमारास संगणक म्हणजे एक मोठी खोली भरून टाकणारे आणि अतिशय महाग यंत्र होते. ज्याला गणित करायचे असे, तो आपला प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर उतरवून खिडकीवर देई आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील उत्तर घेऊन जाई. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांग! मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा देशभरातले संशोधक त्याचा उपयोग करत. आमच्या गुरूंच्या पिढीने हे गठ्ठे सांभाळले आहेत.

या रांगेवर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, उपाय शोधला गेला. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये 'सीटीएसएस' या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. तिचे तत्त्व शिक्षकांना चटकन समजेल. एकशिक्षकी शाळेत गुरुजी चौथीला उदाहरण घालतात, तिसरीला पाढे लिहायला लावतात, दुसरीचे शुद्धलेखन तपासतात आणि पहिलीला अक्षर गिरवून देतात. तेवढ्यात चौथीचे उदाहरण सुटलेले असते. गुरुजी एकच, पण प्रत्येक इयत्तेला ते आपलेच वाटतात. संगणकानेही प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दिला आणि फेऱ्या पुरेशा वेगाने मारल्या, तर टंकयंत्रासारख्या वेगवेगळ्या यंत्रांवर बसलेल्या प्रत्येकाला संगणक केवळ आपलाच वाटेल. १९६१मध्येच जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीतल्या एका भाषणात पुढचा विचार मांडला होता: टेलिफोनसारखीच संगणनही कधीतरी सार्वजनिक सेवा होऊ शकेल.

याच सीटीएसएसवर १९६५ साली टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी निरोप पाठवण्याची 'मेल' ही आज्ञा लिहिली. गंमत अशी, की हा निरोप कुठेच 'जात' नसे. त्याच संगणकात, ज्याला निरोप द्यायचा त्याच्या नावच्या कप्प्यात, तो लिहून ठेवला जाई. म्हणजे ई-मेलचा जन्मच सामाईक कपाटात झाला! एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवण्याची सोय १९७१मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावर केली. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दाखवण्यासाठी त्यांनी निवडलेले @ हे चिन्ह आज आपण रोज वापरतो.

सामाईक कपाटाचा धोकाही तिथेच दिसला. १९६०च्या दशकात एकदा सीटीएसएसवर दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांच्या पासवर्डांची यादी गेली आणि जो जो काम सुरू करी, त्याच्यापुढे ती छापून येऊ लागली. कुणी कट केला नव्हता. एकाच कपाटात सर्वांच्या किल्ल्या असल्या, की एक चूक सर्वांना भोवते, इतकेच.

कपाट घरी आले, पुन्हा बाहेर गेले

१९७०च्या दशकात सूक्ष्म-प्रक्रियकांमुळे संगणक स्वस्त झाला. १९७९मध्ये 'व्हिसिकॅल्क' हा हिशेबाचा तक्ता आला, १९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि संगणक प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन बसला. कागदपत्रे फ्लॉपीवर राहू लागली. कचेऱ्यांनी ई-मेलसाठी स्वतःचे सर्व्हर बसवले. त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली, वीज गेल्यावर चालणारा यूपीएस, रात्री चुंबकीय फितीवर घ्यायची प्रत आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारा एक जाणकार माणूस, एवढा सरंजाम लागे. कपाट आणि किल्ली दोन्ही घरात होती, पण सांभाळण्याचा खर्च आणि डोकेदुखीही घरातच होती.

काटा पुन्हा उलट फिरू लागला तो सामान्य माणसाच्या पत्रपेटीपासून. बंगळुरूत वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी 'हॉटमेल' सुरू केले. कुठल्याही संगणकावरून, केवळ ब्राउझरमधून, आपले टपाल पाहता येऊ लागले. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने 'जीमेल' जाहीर केले. इतर सेवा काही मेगाबाइट जागा देत असताना हिने एक गीगाबाइट देऊ केली. तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टा वाटली! २००६ साली गूगलने ही सेवा संस्थांना त्यांच्या स्वतःच्या पत्त्यासह वापरता येईल अशी केली. मायक्रोसॉफ्टचे 'ऑफिस ३६५' २०११मध्ये आले. सॉफ्टवेअर विकत घेण्याऐवजी माणशी, महिन्यागणिक वर्गणी भरण्याची पद्धत रूढ झाली.

या बदलाची तुलना नेहमी विजेशी केली जाते. एके काळी मुंबईच्या कापड गिरण्या स्वतःचे बॉयलर आणि वाफेची इंजिने चालवत. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटात साठवलेल्या पाण्याच्या बळावर तयार झालेली वीज तारांमधून गिरण्यांपर्यंत आली. हळूहळू बॉयलर गेले. प्रत्येकाने आपापले इंजिन राखण्यापेक्षा एका मोठ्या केंद्राने सर्वांना पुरवठा करणे स्वस्त पडते, हे खरेच आहे. सर्व्हरचेही तसेच. एका कचेरीचा सर्व्हर बराच वेळ रिकामा बसलेला असतो. हजारो कचेऱ्यांची कामे एकत्र केली, की यंत्रे पुरेपूर वापरली जातात.

पण ही उपमा अर्धीच लागू पडते. वीज गेली तर गिरणी थांबे, मात्र तिचा कापूस तिच्याच गोदामात असे. क्लाउडमध्ये आपण शक्ती भाड्याने घेतोच, शिवाय आपला कापूसही वीजकेंद्रात नेऊन ठेवतो. पुढे ज्या अडचणी आल्या, त्या मुख्यतः या उरलेल्या अर्ध्या भागातून आल्या.

एका शहराचे स्थलांतर

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २००९मध्ये तिथल्या नगर परिषदेने सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांचे ई-मेल स्वतःच्या सर्व्हरवरच्या 'ग्रुपवाइज'मधून काढून गूगलच्या सेवेत नेण्याचे ठरवले.

असे स्थलांतर होते कसे? ई-मेल पत्त्यात @च्या उजवीकडे असते त्याला डोमेन म्हणतात. इंटरनेटवर प्रत्येक डोमेनची एक नोंद असते, तिचे नाव 'एमएक्स'. ही पद्धत १९८६पासून आहे. या डोमेनचे टपाल कोणत्या संगणकाकडे द्यायचे, एवढेच ती सांगते. आपण घर बदलल्यावर पोस्टात अर्ज देतो, की यापुढची पत्रे नव्या पत्त्यावर पाठवा, तसेच हे. आधी जुन्या पत्रांच्या नकला नव्या जागी न्यायच्या, माणसांना शिकवायचे आणि मग ही एक नोंद बदलायची. जगाच्या दृष्टीने पत्ता तोच राहतो.

तंत्र एवढे सोपे असूनही लॉस एंजेलिसचे काम अडले. पोलिसांच्या टपालात गुन्हेगारांविषयीची गोपनीय माहिती असते आणि ती कुणाच्या नजरेस पडावी याचे संघराज्याच्या तपास यंत्रणेचे कडक नियम आहेत. क्लाउड सेवेला ते पूर्णपणे पाळता येईनात. डिसेंबर २०११मध्ये परिषदेने करार बदलला आणि पोलीस व संबंधित विभागांचे सुमारे १३,००० कर्मचारी जुन्याच व्यवस्थेत राहिले. अडचण यंत्राच्या वेगाची नव्हती. प्रश्न होता किल्लीचा.

प्रत आणि किल्ली

फेब्रुवारी २०११मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांनी पेटी उघडली, तर ती रिकामी! साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने ही पत्रे दिसेनाशी केली होती. गूगलच्या सांगण्यानुसार हे ग्राहक एकूण ग्राहकांच्या ०.०२ टक्के होते. पत्रांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या इमारतींत होत्या, पण दोष त्या सर्व प्रतींपर्यंत पोहोचला. पत्रे शेवटी परत मिळाली ती चुंबकीय फितीवरून, कारण फिती जाळ्यापासून वेगळ्या होत्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थांबून विचार करावा. प्रतींची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्या एकमेकींपासून स्वतंत्र असणे अधिक महत्त्वाचे. पाच नोंदी एकाच बिघडलेल्या तापमापीवरून घेतल्या तर त्या पाच नव्हेत, एकच.

किल्लीचा धडा २०२५मध्ये आपल्याच देशात मिळाला. मुंबईत मुख्यालय आणि गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी कंपनीत रशियातल्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. जुलैमध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांना ई-मेल उघडेना. परवान्याचे पैसे पूर्ण भरले आहेत, असे सांगत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेर सेवा परत सुरू झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. भारतातल्या कचेरीचे टपाल बंद करण्याचे बटण भारताबाहेर होते, हे त्या आठवड्यात सर्वांना दिसले.

आणि भाडे? शिक्षण संस्थांना गूगल अनेक वर्षे अमर्याद जागा फुकट देत असे. २०२१मध्ये त्या कंपनीने मर्यादा जाहीर केली: संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट. मोठ्या विद्यापीठांना साठवलेले गोळा करून आवरावे लागले.

यावरून क्लाउड टाळावा, असे आम्ही सुचवत नाही. छोट्या संस्थेच्या खोलीतल्या एकट्या सर्व्हरपेक्षा मोठ्या केंद्रातली यंत्रे सहसा अधिक नीट सांभाळली जातात. आमच्या विद्यार्थीदशेत विभागाचा सर्व्हर बंद पडला, की त्याची देखभाल करणारा माणूस रजेवरून येईपर्यंत सगळ्यांचे टपाल अडकून राही. तेव्हा किल्ली घरातच होती, पण उपयोग काय!

इतिहास आपल्याला दोन साध्या गोष्टी सांगतो. पत्ता आपल्या मालकीचा असावा. डोमेन शाळेच्या नावे नोंदलेले असले, तर एक नोंद बदलून उद्या दुसरीकडे जाता येते. तो पत्ता एखाद्या उत्साही माजी विद्यार्थ्याच्या खात्यावर असला, तर ते जमत नाही. दुसरी गोष्ट प्रतीची. बहुतेक मोठ्या सेवांत आपली सर्व माहिती उतरवून घेण्याची सोय असते. वार्षिक परीक्षेनंतर एकदा ती उतरवून वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि उघडून पाहावी. हे काम दहावीचे विद्यार्थी सहज करतील, आणि ते करताना त्यांना बरेच काही शिकताही येईल.

मग ती डिस्क ठेवायची कुठे? कार्यालयातले ते लोखंडी कपाट आहेच.