वामनदादा कर्डक आणि गायन पार्टीचा काळ

लोकप्रबोधनासाठी गाणे हाती घेण्याची महाराष्ट्रातील परंपरा सत्यशोधक जलशांपासून ठळकपणे दिसू लागते. जलसा म्हणजे तमाशाची चौकट घेऊन तीत देवस्तुती आणि शृंगार यांच्याऐवजी समाजसुधारणेचा विषय मांडणारा प्रयोग. 1930 नंतरच्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी त्याला आंबेडकरी चळवळीचे रूप दिले. मात्र 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर तमाशाचा बाज मागे पडत गेला आणि त्याची जागा गायन पार्टीने घेतली. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग, मुख्य गायक आणि त्याचे ध्रुपद उचलून धरणारा कोरस एवढ्या सरंजामावर रात्रभर चालणाऱ्या या कार्यक्रमाने कव्वालीचा ढंग मुंबईच्या चाळींतून उचलला, आणि दोन पार्ट्या समोरासमोर बसवून गाण्यातूनच सवाल-जवाब करण्याची ‘सामना’ ही रीतही त्यात रुजली.

या गायन पार्ट्यांना गाणी पुरवणाऱ्या कवींमध्ये वामन तबाजी कर्डक यांचे स्थान अग्रभागी आहे. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा पोटासाठी मुंबईत आले आणि मिळेल ती मोलमजुरी करत राहिले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता आले नाही, ही खंत मनाला लागल्याने तरुण वयात त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे पक्की केली. 1943 साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले. ज्या माणसाला अक्षरओळख इतक्या उशिरा झाली, त्याने पुढे हजारो गीते लिहावीत, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासाने आहे त्याहून अधिक गांभीर्याने नोंदवायला हवी.

तयार चालींवर गीते बांधण्याच्या या पद्धतीकडे समीक्षकांनी पुष्कळदा कमीपणाने पाहिले. पण ते योग्य नव्हे. श्रोत्यांच्या ओठांवर चाल आधीच असल्यामुळे मुखडा, म्हणजे गीताची पुन्हापुन्हा येणारी पहिली ओळ, दुसऱ्याच आवर्तनाला सगळ्या मंडपाच्या तोंडी होई, आणि कवीला आपले सारे बळ अंतऱ्यातील विचारावर लावता येई. जातिभेद, मजुरी, शिक्षण, बाबासाहेबांच्या पश्चात नेत्यांत पडलेली फूट आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा हे विषय अशा रीतीने, पुस्तकापर्यंत न पोहोचलेल्या वस्त्यांत, गाण्यावाटे पोहोचले.

वामनदादांचे स्वातंत्र्य इथेच कळते. एखाद्या गटाच्या आश्रयाने ते राहिले असते, तर त्या फुटीवर इतक्या उघडपणे लिहिणे त्यांना कठीण गेले असते. गावोगाव फिरावे, कोणाच्या तरी घरी मुक्काम करावा, मिळेल ती बिदागी, म्हणजे कार्यक्रमाची दक्षिणा, घ्यावी आणि गाणे मागणाऱ्या गायकाला ते देऊन टाकावे, असा त्यांचा क्रम होता. त्यात हलाखी होती आणि तिला गौरवाचा मुलामा देण्याचे कारण नाही. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनचे’ हे संग्रह पुढे निघाले, तरी बरीचशी गीते गायकांच्या वह्यांत उतरवलेल्या प्रतींतूनच फिरत राहिली.

अशा तोंडी आणि हस्तलिखित प्रसारात कर्तृत्व टिकवण्याचे साधन म्हणजे नाममुद्रा, अर्थात शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव गुंफणे. संत आणि शाहीर यांच्याकडून आलेली ही प्रथा वामनदादांनी मोठ्या कसबाने वापरली. ‘वामन’ हे चार मात्रांचे नाव केरव्याच्या आठ मात्रांच्या आवर्तनात बरोबर अर्धी जागा व्यापते. शिवाय ते पुष्कळदा ओळीच्या अर्थाशी असे जखडलेले असते, की दुसऱ्या गायकाने तिथे आपले नाव घालू म्हटले, तर वजन तरी बिघडते किंवा वाक्य तरी तुटते. 15 मे 2004 रोजी वामनदादांचे निधन झाल्यानंतरही त्यांची विखुरलेली गीते शोधून एकत्र करणाऱ्यांना गीत कोणाचे हे ठरवताना या शेवटच्या कडव्याचाच मोठा आधार मिळतो. म्हणून ध्वनिफितीच्या वेळेत बसावे यासाठी जिथे ते कडवे गाळले गेले, तिथे गाण्याच्या कर्त्याचा पुरावाही गाळला गेला आहे.