केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि ग्रह नसलेला प्लूटो

नेपच्यूनच्या पलीकडचा ग्रह एका मराठी ज्योतिर्विदाने आधीच वर्तवला होता, हे वाक्य मी व्याख्यानांतून किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. टाळ्या हमखास पडत. काही वर्षांपूर्वी एका गावच्या वाचनालयात नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, पण प्लूटो आता ग्रहच नाही ना? मग त्यांचं भाकीत चुकलं का?” मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशाने शिक्षक. पंचांगशोधनाच्या वादात चित्रापक्षाचे खंदे पुरस्कर्ते आणि ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते. १९११ साली फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमध्ये लाप्लासने जे ठरावीक नाते दाखवले होते, तशा प्रकारचे नाते बाहेरच्या ग्रहांतही असावे असे धरून केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह कल्पिले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी काढले ३८.९५ खगोलीय एकके आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे. प्लूटोचे आजचे आकडे आहेत सुमारे ३९.५ आणि २४८. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की कोणाचाही ऊर भरून यावा. माझा येत असे.

त्याच सुमारास अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल हे धनिक गृहस्थ याच ग्रहामागे लागले होते. त्यांची वाट वेगळी होती. हर्षलच्या गतीत थोडी विसंगती दिसते, ती कोणा अज्ञात ग्रहाच्या ओढीमुळे असणार, असा त्यांचा तर्क. (युरेनसला शोधकर्त्याच्या नावावरून ‘हर्षल’ म्हणण्याची आपली जुनी मराठी सवय मला फार आवडते.) लॉवेलच्या गणितातला ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ सातपट वस्तुमानाचा होता. १९१६ साली ते वारले, पण त्यांनी अॅरिझोनात उभारलेल्या वेधशाळेने शोध सोडला नाही. १८ फेब्रुवारी १९३० रोजी तिथे क्लाइड टॉमबॉ या कॅन्सासच्या शेतकरी कुटुंबातल्या, नुकतीच चोविशी गाठलेल्या तरुणाला जानेवारीतल्या दोन छायाचित्रांची तुलना करताना जागा बदलणारा एक ठिपका सापडला. लॉवेलने सांगितलेल्या जागेपासून तो जेमतेम सहा अंशांवर होता.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १३ मार्चला वेधशाळेने जे पत्रक काढले त्याच्या शीर्षकात ‘ग्रह’ हा शब्द नव्हता. ‘नेपच्यूनपलीकडची दिसणारी सूर्यमालेतली वस्तू’ अशा अर्थाचे सावध शब्द होते. सावध राहायला कारणही होते. दुर्बिणीतून ग्रहाची चकती दिसायला हवी होती, ती दिसत नव्हती, आणि ठिपका अपेक्षेपेक्षा फारच मंद होता. फ्रेडरिक लेनर्ड या खगोलज्ञाने तर त्याच वर्षी विचारले होते की, अशा अनेक वस्तूंपैकी ही केवळ पहिली तर नसेल? पण जगाला नववा ग्रह हवा होता. शोधायला निघालो ग्रह, म्हणजे सापडला तो ग्रहच, असे ते तर्कशास्त्र. ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनिशिया बर्नीने सुचवलेले नाव त्याला मिळाले आणि शाळांतल्या तक्त्यांवर तो जाऊन बसला.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे प्लूटोच्या रोडावत जाण्याची कथा आहे. सुरुवातीला त्याचे वस्तुमान पृथ्वीएवढे मानले. १९४८ च्या सुमारास कायपरने ते एक दशांशावर आणले. १९७८ मध्ये जेम्स ख्रिस्टीला प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, तेव्हा वस्तुमान नीट मोजता आले आणि ते निघाले पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतके, आपल्या चंद्राहूनही कितीतरी कमी. एवढासा गोळा हर्षलला हलवणार कसा? ‘व्हॉयेजर २’ ने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजल्यावर माइल्स स्टँडिश यांनी जुनी गणिते पुन्हा केली, तेव्हा ती विसंगतीच नाहीशी झाली. ज्या ओढीपायी लॉवेलने आयुष्याची इतकी वर्षे घालवली, ती कधी नव्हतीच. प्लूटो त्या जागी सापडला तो योगायोगाने आणि टॉमबॉच्या चिकाटीने.

असा प्रसंग पूर्वीही एकदा घडला होता. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोत पियाझ्झीला सेरेस सापडला, तेव्हा त्याला ग्रह म्हटले गेले. पाठोपाठ पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले, तेही ग्रहच. १८४५ नंतर मात्र दर वर्षी नवे सापडू लागले आणि यादी हाताबाहेर गेली. मग खगोलज्ञांनी गाजावाजा न करता त्यांची वेगळी पंगत मांडली, लघुग्रहांची. कोणी मतदान घेतले नाही, कोणी निषेध केला नाही.

प्लूटोचे सोबती सापडायला बासष्ट वर्षे लागली. १९९२ मध्ये हवाईतल्या मौना केआवरून डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना पहिला मिळाला, मग त्यांची रांगच लागली. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि सहकाऱ्यांनी एरिस जाहीर केला. तो प्लूटोहून मोठा आहे, असे तेव्हा वाटले. (आज आपण जाणतो की व्यासाने तो किंचित लहान आहे, वस्तुमानाने मात्र एक चतुर्थांशाहून जास्त भारी.) आता दोनच वाटा उरल्या. एरिसला दहावा ग्रह म्हणा, नाहीतर प्लूटोला खाली उतरवा.

ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले. आधीचा मसुदा उदार होता. सेरेस, शॅरन आणि एरिस यांना आत घेऊन ग्रहांची संख्या १२ करणारा. उरुग्वेच्या फर्नांडिस आणि तांक्रेदी यांच्यासह अनेकांनी तो हाणून पाडला. २४ ऑगस्टला हात वर करून मतदान झाले तेव्हा सभागृहात मत देणारे होते अवघे ४२४. ठरले असे की ग्रह सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा. तिसऱ्या अटीवर प्लूटो नापास झाला.

त्याला ‘बटुग्रह’ म्हणायचे, पण तो ग्रह नव्हे, हे मला आजही खटकते. बटू झाला तरी माणूसच. आपल्या पुराणातल्या एका बटूने तर तीन पावलांत त्रैलोक्य व्यापले. अॅलन स्टर्नसारखे शास्त्रज्ञ या व्याख्येवर आजही तुटून पडतात, आणि ४२४ जणांनी जगाचा शब्द ठरवला या त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. व्याख्या ओबडधोबड आहे. पण तिच्यामागची जाण मला खरी वाटते, आणि ती समजली ती केतकरांमुळेच.

प्लूटोची कक्षा नेपच्यूनची कक्षा ओलांडते. १९७९ ते १९९९ ही वीस वर्षे तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी दोघे कधी एकमेकांच्या जवळ येत नाहीत, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन. हे १९६५ मध्ये कोहेन आणि हबर्ड यांनी संगणकावर गणित करून दाखवले. याच तालावर फिरणाऱ्या इतर अनेक वस्तू आता सापडल्या आहेत, त्यांना ‘प्लूटिनो’ म्हणतात. ताल नेपच्यूनचा, आणि ही सगळी मंडळी त्यावर चालणारी. प्लूटो स्वतःच्या कक्षेचा धनी नाही, हेच त्या तिसऱ्या अटीचे मर्म.

केतकरांचे आकडे जुळले तो योगायोग, असे आता मला म्हणावे लागते. लॉवेलला जो न्याय लावला तोच आपल्या माणसालाही लावला पाहिजे. विष्णू तर कुठे सापडलाच नाही. पण प्रदक्षिणाकाळांमध्ये पूर्णांकांचे नाते शोधावे ही त्यांची दिशा, हर्षलला ओढणारा ग्रह शोधण्याच्या लॉवेलच्या दिशेपेक्षा त्या भागातल्या सत्याच्या जवळची होती. ज्या प्रकारच्या नात्यातून ते ग्रह शोधायला निघाले, तशाच एका नात्यामुळे प्लूटो ग्रह ठरला नाही.

आता व्याख्यानात मी २४२ आणि २४८ हे आकडे फळ्यावर लिहितो, त्यांच्याखाली तीनास दोन लिहितो आणि मग सेरेसपासून सगळे सांगतो. पाऊण तास जातो. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात, प्रश्न जास्त येतात.