लाकडी पट आणि त्यावरील फुल्या

दरवर्षी ह्या स्मरणिकेत आपण घराण्यांच्या वंशावळी, कुलदैवते आणि जुनी दप्तरे ह्यांविषयी वाचतो. जुन्या कागदाचे मोल आपल्या ज्ञातिबांधवांनी ओळखले आहे. जुन्या लाकडाचे मोल मात्र अद्याप आपल्या ध्यानी आलेले नाही. वाडा पाडावयास निघाला की दप्तर आपण जपून नव्या घरी नेतो आणि माळ्यावरचा बुद्धिबळाचा पट जुन्या बाजारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. सातारा व सांगली ह्या भागांतील अशा लाकडी पटांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास कारण झाली ती आमच्याच हातून घडलेली एक चूक, म्हणून आरंभी तीच सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर सांगलीच्या पेठांतून शिरला, तेव्हा आमच्या घराच्या तळमजल्यावरील एक पेटी कित्येक दिवस पाण्यात राहिली. तीत आमच्या आजोबांचा सागवानी पट होता. पाणी ओसरल्यावर आम्ही तो घाईने उन्हात टाकला. फळ्या वाकल्या व सांधे उकलले. त्यावर काळी-पांढरी घरे नव्हती. नुसत्या कोरलेल्या रेषा होत्या आणि काही घरांत फुल्या होत्या. रंग पुरात धुऊन गेला असावा, असा तर्क करून आम्ही सुताराकडून पटाला रंधा मारविला आणि चौसष्ट घरे एकाआड एक रंगवून घेतली. पट दिसावयास देखणा झाला. पुढे आमच्या वृद्ध आत्याबाई आल्या, त्यांनी पटावरून हात फिरविला आणि एवढेच विचारले, "अरे, फुल्या कुठे गेल्या?" सुताराचा ह्यात दोष नव्हता. त्याने आम्ही सांगितले तसेच केले. धुऊन गेलेला रंग मुळात नव्हताच, आणि जे होते ते आम्ही तासून टाकले होते.

ह्या फुल्यांचा इतिहास मोठा आहे. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट ही युरोपातील प्रथा होय. आपल्याकडील पट, मग तो कापडी असो वा लाकडी, बहुधा एकरंगी असे. त्याच्या मधल्या चार घरांत, चार कोपऱ्यांत व कडांच्या मधल्या घरांत फुल्या काढीत. काही पटांवर त्या याहून कमी आढळतात. बुद्धिबळाच्या चालींत ह्या फुल्यांचा काही उपयोग नाही. बुद्धिबळाचे विख्यात इतिहासकार मरे ह्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मत मांडले आहे की, अष्टापद नावाच्या फाशांच्या अतिप्राचीन खेळाचा पट बुद्धिबळाने उचलला आणि त्याबरोबर त्या खेळाच्या खुणाही आल्या. म्हणजे मूळ खेळ लोपला, तरी सुतार पिढ्यान्‌पिढ्या फुल्या कोरीत राहिले. जे ग्रंथांतून विसरले गेले, ते लाकडाने लक्षात ठेविले.

त्या पटावर आपले पूर्वज खेळत तो खेळही आजच्याहून वेगळा होता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. ते शेवटच्या घरी पोहोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, त्याच मोहऱ्याचा दर्जा त्यास मिळे. हवा तेव्हा वजीर करण्याची मुभा नव्हती. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह लागण्यापूर्वी राजास एकवार घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. प्रतिपक्षाचा राजा एकाकी उरला तर डाव बुर्जी होई आणि विजय हातचा जाई. म्हणून सर्व मोहरी मारीत सुटणारा खेळाडू शहाणा मानला जात नसे. आणि प्याद्याने मात करणे, म्हणजे प्यादेमात, हा तर सर्वांत मानाचा विजय.

ग्रंथांचा आधारही आपल्या प्रदेशापासून दूर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात बुद्धिबळाचे सविस्तर वर्णन आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूख' रचला. राजनीतीच्या त्या ग्रंथातही ह्या खेळाचे प्रकरण आहे. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा संस्कृतावरून इंग्रजीत केलेला बुद्धिबळाच्या डावांचा ग्रंथ मुंबईत छापला गेला. तो मात्र युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेला होता. पेशवाई अस्तास जाण्यापूर्वीच नव्या नियमांचे पाऊल आपल्या दारी पडले होते, असे ह्यावरून दिसते.

तरीही जुनी पद्धत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ घरोघर टिकली. १९२९ साली इंग्लंडचे अजिंक्यपद जिंकणारा पंजाबचा मीर सुलतान खान प्रथम भारतीय पद्धतीनेच खेळ शिकला होता. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. येथून आंतरराष्ट्रीय नियम सर्वमान्य झाले. सांगलीने तर ह्या नव्या खेळात मोठे नाव मिळविले. भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांच्या नावाशी जोडलेले नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाग्यश्री साठे-ठिपसे व स्वाती घाटे ह्यांच्यासारख्या खेळाडू ही ह्या नगरीची भूषणे होत. ह्या उत्कर्षाचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु नवा पट घरात आला आणि जुना माळ्यावर गेला, हेही तितकेच खरे.

आता दुरुस्तीविषयी. आपल्याच जिल्ह्यातील मिरजेचा दाखला ह्या बाबतीत बोलका आहे. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार व पाणी देणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम मंदावल्यावर फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, आणि दुरुस्ती करता करता उत्तम तंबोरे व सतारी घडवू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. जुन्या कारागिराने काय केले व का केले, हे समजून घेणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी. मिरजेने हे करून दाखविले आहे.

आम्ही ठेच लागून शिकलो, ते असे. भिजलेला पट उन्हात ठेवू नये. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सपाट फळीवर हलके वजन ठेवून हळूहळू वाळू द्यावा. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसते, त्यामुळे घाई केल्यास तडा जातो. जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस कोमट पाण्याने सुटतो व पुन्हा लावता येतो, म्हणून दुरुस्तीसही सरसच वापरावा. आजचे कृत्रिम डिंक एकदा बसले की लाकूड फाटल्यावाचून निघत नाहीत. रंधा व खरकागद दूर ठेवावेत, कारण हाताच्या घर्षणाने आलेली झिलई पुन्हा मिळत नाही. मऊ फडक्याने धूळ टिपून, आवश्यक वाटल्यास स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचा पातळ हात द्यावा. एखादे मोहरे हरवले असल्यास नवे करून घ्यावे, पण त्याच्या बुडाशी साल लिहावे, म्हणजे पुढील पिढीची फसगत होणार नाही. आणि सर्वांआधी छायाचित्र घ्यावे.

संग्रह करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तत्पूर्वी साताऱ्यातच होते. म्हणून पटामागील चिठ्ठीवर 'जिल्हा सातारा' असे असले तरी गावाचे नाव पाहिल्यावाचून निष्कर्ष काढू नये. पट कोणाकडून कोणाकडे आला, त्यावर कोण खेळत असे, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. लोक ज्यांना अडगळ म्हणत, त्याच वस्तूंतून आज महाराष्ट्राचे घर दिसते.

तेव्हा आमची नम्र विनंती इतकीच की, ह्या वर्षी आपापल्या माळ्यावर एकवार दृष्टी टाकावी. फुल्यांचा पट सापडल्यास त्यास रंग देऊ नये. आमच्या पटावरील फुल्या आत्याबाईंनी स्मरणाने कागदावर काढून दिल्या. तो कागद आता पटाच्या पाठीस लावला आहे, आणि खाली आमची चूकही लिहून ठेविली आहे.