बंडीपासून ट्रॉलीपर्यंत : वर्ध्याच्या एका ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा इतिहास

सावंगी (मेघे) म्हटलं की बाहेरच्या माणसाला मेडिकल कॉलेज आणि दवाखाना आठवतो. पण कापसाच्या हंगामात इथल्या यवतमाळ रोडला तासभर उभं राहिलं, तर दुसरंच काही दिसतं. ट्रॅक्टर, त्यामागं ट्रॉली, ट्रॉलीत कापूस, आणि कापसावर दोन माणसं. आज आपण ट्रॅक्टरबद्दल बोलणार नाही. ट्रॅक्टरचा इतिहास बराच लिहिला गेलाय. आपल्याला बोलायचंय ते मागच्या त्या लोखंडी डब्याबद्दल, ज्याला इंजिन नाही, बहुतेक वेळा ब्रेक नाही, दिवाही नाही, आणि ज्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

सुरुवात बंडीपासून करावी लागते. विदर्भात माल वाहायची ती बंडी. माणसांना बसायला दमणी नाहीतर छकडा. बंडीच्याही आधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा. बंजाऱ्यांचे तांडे तो उत्तरेला पार मिर्झापूरच्या गंगाघाटापर्यंत नेत. मग 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो याच तेजीत, 1862 साली. शहर वसवलं 1866 साली, आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तेजीच्या त्या दिवसांबद्दल एक गोष्ट त्या काळच्या इंग्रजी लिखाणात येते. मध्य प्रांतातल्या काही शेतकऱ्यांनी म्हणे नांगराला चांदीचा फाळ आणि गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली होती. गोष्ट किती खरी, ते बाजूला ठेवू. पण हातात पैसा आला की तो दाखवायला शेतकऱ्याला चाकच सुचलं, हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

रेल्वेनं बंडी मारली, असं पुष्कळदा म्हटलं जातं. आम्ही उलट म्हणतो. रेल्वेनं लांबचा प्रवास काढून घेतला, पण शेत ते स्टेशन, शेत ते जिनिंग, शेत ते हिंगणघाटचा बाजार अशा छोट्या खेपा वाढल्या. त्या बंडीशिवाय कोण करणार? हिंगणघाटला 1881 साली कापडगिरणी उभी राहिली, तिचाही कापूस बंडीतूनच आला.

आता ही बंडी कशी होती ते जरा नीट पाहू, कारण ट्रॉलीचा सगळा गुणदोष त्यात आहे. बाभळीचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, वरून लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे गावातला सोहळाच. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, फुगली की चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की लाकूड असं आवळून धरतं की खिळ्याचं कामच उरत नाही. वाढई आणि लोहार, दोघंही गावातलेच. आसाला एरंडीच्या तेलाचं वंगण. आणि भरण्याची एक विद्या होती. दोनचाकी गाडीत ओझं फार पुढं गेलं तर बैलांच्या मानेवर येतं, फार मागं गेलं तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. हा तोल गाडीवान तराजूनं नाही, जुवाखाली हात घालून बघायचा.

रबरी टायर आलं आणि वाद सुरू झाला. त्याचं एक केंद्र आपल्या वर्ध्यातच होतं. 1934 च्या डिसेंबरात इथं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. लोखंडी धावेनं रस्ते खराब होतात, म्हणून बंडीला हवेचं टायर लावा, असा तेव्हा प्रचार होता. कुमारप्पांना तो पटेना. गुळगुळीत रस्ता हवाय मोटारीला, मग भार बंडीवाल्यानं का सोसायचा? शिवाय धाव गावचा लोहार बसवतो, टायर कारखान्यातून येतं. म्हणजे गावातला पैसा बाहेर चालला. डनलॉपचा बंगालमधला साहागंजचा कारखाना 1936 चा. पुढं हवेच्या चाकाच्या गाडीला कित्येक गावांत लोक ‘डनलॉप’च म्हणू लागले.

आमचं मत विचाराल तर हिशोबात कुमारप्पा बरोबर होते, पण बैलाच्या बाजूनं बघितलं तर टायर बरोबर होतं. चांगल्या रस्त्यावर तीच जोडी हवेच्या चाकावर कितीतरी जास्त माल कमी दमात ओढते. बैलाचा खांदा हाही हिशोबातला आकडाच आहे. पण रस्ता कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न काही जुना झाला नाही. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, जमीन इथल्याच शेतकऱ्यांची, आणि त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला मनाई. वेगाच्या रस्त्यावर ती मनाई योग्यच आहे, तरी ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

मग 1972. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना खरेदी केंद्राबाहेरच्या बंड्यांच्या रांगा आठवतील. दोन दोन, तीन तीन दिवस. माणूस बंडीखाली झोपायचा, बैल चाकाला बांधलेले, कडबा बरोबर आणलेला. बंडी स्वतःची होती म्हणून हे थांबणं परवडत होतं. इथं खरा फरक पडला. ट्रॉली आली तेव्हा ती सगळ्यांकडे आली नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्याकडे ट्रॉली, बाकीच्यांनी भाड्यानं घ्यायची. भाड्याची ट्रॉली रांगेत उभी राहिली की मीटर पडायला लागतं. मग शेतकरी म्हणतो, जाऊ दे, दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकू. भाव पडण्याची कारणं आपण सरकारात आणि बाजारात शोधतो, शोधावीतही. पण घरची बंडी गेली तेव्हा वाट बघायची ताकदही गेली, हे कुठल्या अहवालात येत नाही.

ट्रॉली बनते कुठं? मोठ्या कारखान्यात क्वचित. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात चॅनल कापून चेसिस जोडतात, आस आणि हब आणतात, टायर बरेचदा ट्रकचे जुने. म्हणजे वाढई-लोहाराचा वारसा संपला नाही, फक्त भट्टीच्या जागी वेल्डिंग आलं. कायद्याच्या नजरेत मात्र ती साधा डबा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, तो बाजूला लिहायचा. आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर मागं दिसला पाहिजे. एमएच-32 चे असे दोन्ही नंबर नीट असलेल्या ट्रॉल्या किती दिसतात, ते तुम्हीच रस्त्यावर मोजा.

तोलाचा नियम बैलाबरोबर गेला नाही, बरं का. दोनचाकी ट्रॉलीत माल पुढं जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग ऐकत नाही. मागं जास्त झाला तर ड्रॉ-बार वर उचलतो आणि मोठ्या चाकांची पकड सुटते. जुनी उलाळच ही, फक्त जुवाखाली हात घालून बघायची सोय राहिली नाही. उतारावर बैल अंग मागं टाकून बंडी धरायचे. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा त्याच्या मागच्या चाकांना असतात. भरलेली ट्रॉली मागून रेटायला लागली आणि ट्रॅक्टर जरा तिरका असला, की दोन्ही मिळून घडी होते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा, आणि न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायचं नाही.

जोडाचंही तसंच. ट्रॉलीच्या डोळ्याचं भोक झिजून लांबट होतं, पिन मधून बारीक होते. पिनच्या जागी सळईचा तुकडा घातलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. पिनला क्लिप आणि जोडीला एक साखळी, एवढ्यानं सुटलेली ट्रॉली समोरच्याच्या अंगावर जाण्यापासून थांबते. शेणखत आणि युरिया वाहिला की त्याच दिवशी तळ धुवायचा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पत्रा बोटानं फुटतो. हंगाम संपला की हबमध्ये नवीन ग्रीस, आणि ट्रॉली विटांवर, टायरवर भार ठेवून नाही.

सगळ्यात शेवटी दिवा. बंडीखाली कंदील टांगायचे. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असायच्या, त्या शोभेसाठी होत्या हे खरं, पण अंधारात मागून-पुढून येणाऱ्याला त्याच ऐकू जायच्या. ट्रॉलीला आवाज नाही. पुढच्या इंजिनाचा आवाज मागून ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला कळतच नाही. त्याला एकदम काळी भिंत दिसते. त्यात टायर फुटलं म्हणून ट्रॉली रस्त्यातच सोडून, दोन दगड लावून, लोक ट्रॅक्टर घेऊन घरी जातात. आणि वर बसलेल्या मजुरांना तर विमाही सहसा मिळत नाही, कारण ते वाहन मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. कापूस वेचून दमलेली बाई त्या ढिगावर बसते, तेव्हा हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

लाल रिफ्लेक्टर पट्टी स्वस्त आहे. तेवढी मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांत लावा. चिखलानं भरली की पुसा. इथं श्रोत्यांत ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी हात वर करा बरं. आणि त्यातल्या किती जणांच्या ट्रॉलीला मागं दिवा आहे?