वाफेचा जमाखर्च

मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता ज्या शहरातून जातो, त्या नाशिकास मोटारीचे तेल फार काळ परके राहणे शक्यच नव्हते. 1889 साली सुरू झालेली, रेल्वे स्थानकापासून गावात येणारी घोड्यांची ट्राम विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मोडीत निघाली. आणि लिदीच्या वासाच्या जागी जो एक गोडसर, प्रथमदर्शनी प्रियच वाटणारा गंध रस्त्यावर आला, त्याच्या अंगी काय दडले आहे याची विचारपूस करण्याचे कोणास कारण पडले नाही.

त्या गंधात बेंझीन होते. रॉकेलला आपण ‘घासलेट’ म्हणतो, हा शब्द ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश, आणि योगायोग असा की, 1825 साली मायकेल फॅरडे यांनी बेंझीन प्रथम वेगळे काढले तेही दिवाबत्तीच्या वायूपासून मागे साचणाऱ्या तेलकट द्रवातूनच. हेच द्रव्य अस्थिमज्जेत शिरून रक्ताचा कर्करोग उत्पन्न करू शकते, हे सिद्ध होण्यास पुढे दीडशे वर्षे लोटली.

तोवर वाफेचा हिशेब सरकार व व्यापारी ठेवीत नव्हते असे नाही. 1934 चा पेट्रोलियम कायदा, त्याखालील परवाने आणि नागपूरच्या स्फोटक खात्याचे दफ्तर यांच्या लेखी वाफ म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी आग होती. पंपमालकाच्या लेखी ती घट होती. सकाळी टाकीत डिपची कांडी सोडून, तरंगकाट्याने घनता पाहून तो वहीत आकडा मांडी, आणि वैशाखात जे उडून जाई ते नुकसानीच्या बाजूस टाकी. ‘एस्सो’ची पाटी जाऊन 1974 साली हिंदुस्थान पेट्रोलियमची, ‘बर्मा-शेल’ची जाऊन 1977 साली भारत पेट्रोलियमची पाटी आली, मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर येऊ लागले, पण वहीतील रकाने तेच राहिले. उडालेले लिटर कोणाच्या छातीत गेले, हा रकाना आखलाच गेला नाही.

वास्तविक हा हिशेब दुर्बोध नाही. गाडीत दहा लिटर पेट्रोल शिरते तेव्हा तेवढीच वाफमिश्रित हवा टाकीच्या तोंडातून बाहेर पडते. पंपावरील श्रमिकाच्या गळपट्टीशी कोळशाची बारीक नळी अडकवून, छोट्या पंपाने तिच्यातून हवा ओढून, प्रयोगशाळेत त्या कोळशातील बेंझीन मोजतात. समजा, हवेच्या दहा लाख भागांत ते एकच भाग निघाले. म्हणजे घनमीटरमागे सुमारे 3.2 मिलिग्रॅम. आठ तासांच्या पाळीत माणूस अंदाजे दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे 32 मिलिग्रॅम श्वासाबरोबर आत गेले, त्यातले निम्मे अंगात राहिले असे धरावे. तीन मिनिटे थांबणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाट्यास याचा एकशेसाठावा हिस्सा येतो. परदेशी बऱ्याच ठिकाणी माणूस स्वहस्ते पेट्रोल भरतो म्हणून तिकडे गिऱ्हाइकाचीही मोजणी होते. आपल्याकडे ‘झिरो बघा, साहेब’ म्हणणारा पोऱ्या दिवसभर तो वाटा एकटा उचलतो. अर्थात आपला स्कूटरस्वार टाकीवर ओणवा होऊन आत डोकावतो, तेव्हा तोही थोडा भागीदार होतो.

पेट्रोलमधील शिश्यावर 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंदी आली, हे पुण्यकर्मच. पण इंजिनाचा ठोका आवरण्याचे जे काम शिसे करी, ते काही अंशी बेंझीनच्या कुळातील द्रव्यांवर सोपविण्यात आले, आणि म्हणून खुद्द बेंझीनवर अंकुश घालणे भाग पडून पुढे त्याचे प्रमाण एक टक्क्यावर आणण्यात आले. 2009 च्या राष्ट्रीय मानकाने शहराच्या हवेत बेंझीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम ठरविली. आपल्या उदाहरणातील पाळीची हवा याच्या सहाशे चाळीसपट भरते; वर्षाची सरासरी व पाळीची सरासरी यांची तुलना काटेकोर नव्हे, तरी अंतर ध्यानात यावे.

जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या नव्या पंपांवर वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा बसविण्याची तजवीज केली, आणि शाळा, रुग्णालय व वस्ती यांपासून नवा पंप 50 मीटर दूर असावा, अडचण असल्यास अधिक सुरक्षेसह, पण 30 मीटरच्या आत मुळीच नसावा, असा दंडक घातला. हे अंतर टाकी भरण्याचे तोंड, पेट्रोल देणारे यंत्र व वाफेची नळी यांपैकी जे जवळ असेल तेथून मोजावयाचे आहे. त्या यंत्राशी नोझल धरून उभा असलेला माणूस अर्थातच या मोजणीत येत नाही. त्याचे अंतर हातभर आहे.