इंजिन-गिअरबॉक्स-पंखा जुळणी (मासेमारी नौका)

डिझेल इंजिनाचे फेरे, गिअरबॉक्सचे गुणोत्तर आणि पंख्याचा व्यास व पीच एकमेकांना साजेसे निवडून इंधन वाचवण्याची पद्धत. पाण्यात मुळीच न घसरता पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल, तो त्याचा पीच. करंजा, अलिबाग, मुरूड, दिघी, श्रीवर्धन या रायगड किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौकांचा डिझेलखर्च बराचसा या जुळणीवर ठरतो.

ऑटोमॅटिक मोटारीला चढ लागला की गिअर आपोआप उतरतो आणि इंजिन सोयीच्या फेऱ्यांवर राहते. नौकेला ही मुभा नाही. पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढेच; गुणोत्तर बसवताना ठरले ते ठरले. इंजिन मिनिटाला 1,800 फेरे घेत असेल, तर 3:1 गिअरबॉक्समागे पंखा 600 घेतो. मोठा पंखा सावकाश फिरवणे किफायतशीर, पण खाडीतले उथळ पाणी व्यास वाढू देत नाही. पीच जास्त झाला तर इंजिन ठरलेले फेरे गाठत नाही, काळा धूर ओकते; कमी झाला तर फेरे चढतात, वेग चढत नाही.

खरा पेच ट्रॉलरचा. जाळे ओढताना वेग ताशी तीनेक सागरी मैल आणि ओढ प्रचंड. बंदराकडे परतताना वेग दुपटीहून अधिक आणि जाळ्याची ओढ नाही. एकच पीच दोन्हीकडे पुरा पडत नाही. काही मोठ्या जहाजांत पाती वळवून चालता चालता पीच बदलतात; समुद्रावरचा ऑटोमॅटिक गिअर म्हणावा तो हाच, पण लहान नौकेला तो परवडत नाही. म्हणून ट्रॉलरचा पंखा ओढीच्या हिशेबाने घ्यावा. डोलीचे, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या जाळ्याचे, सोपे आहे. बोंबील-जवळा जाळ्यात लोटण्याचे काम भरती-ओहोटी फुकट करते, इंजिनाला फक्त ये-जा. अशा नौकेला ट्रॉलरचा पंखा लावणे म्हणजे डिझेल समुद्रात ओतणे.

पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे 10 टक्के उतरवले की ती सुमारे 27 टक्के घटते. प्रवास लांबतो हे धरूनही साधारण 19 टक्के बचत उरते. लिलाव गाठायच्या घाईत तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) हे सुचणे कठीणच. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळणारा डिझेल परतावा किंमत उतरवतो, खप नाही.

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पंखा बदलणे, वाकलेली पाती सरळ करणे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणे ही कामे तेव्हाच उरकतात.