डबलडेकरचा जिना

आपण पोटापाण्यासाठी खुर्चीत बसणारी जमात. "जरा हालचाल कर" हे आईपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच सांगतात. पण हे आकड्यांत दाखवलं कुणी? मंडळी, ही गोष्ट लंडनच्या बसमधली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढत होता. डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर मात्र रोज शेकडो पायऱ्या चढणार. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: कंडक्टरांना हृदयविकार कमी.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसनाही हीच शंका आली. त्यांनी चक्क युनिफॉर्मची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्याच निघाल्या, अगदी तरुणांच्यासुद्धा! म्हणजे नुसत्या जिन्याला श्रेय देऊन भागणार नव्हतं.

मग त्यांनी सरकारी बाबू निवडले. काम सगळ्यांचं टेबलावरचंच, फरक फक्त फावल्या वेळाचा. १९७३ साली दिसलं, की त्या वेळात पोहण्यासारखा दमवणारा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी होता.

मला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. कारण नोकरी बदलणं आपल्या हातात नसतं, शनिवारची सकाळ असते. स्वतः मॉरिसही व्यायाम करत राहिले आणि २००९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी गेले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं असतं म्हणा!